भीमगडच्या रानात: कोशिंब तांबडी होते तेव्हा

(पहाट. धुकं. वनखात्याचा नाका.)

हेम्माडग्याचा नाका. बेळगाव जिल्ह्यातलं खानापूर मागं राहिलं, मोबाईलची रेंजही गेली. परवानगीचा कागद दाखवला की भीमगड अभयारण्य सुरू. २०११ साली जाहीर झालेलं, सुमारे १९० चौरस किलोमीटरचं. फाल्गुन सरत आलाय.

(झाडाचा शेंडा, उन्हाची पहिली तिरीप.)

हा पळस नव्हे. लांबून आम्हीही फसलो. ही कोशिंबीची पालवी. पान जन्मतं ते तांबडं. हरितद्रव्य भरत जाईल तसं हिरवं होतं. ऊन पाठीमागून आलं की सगळं झाड पेटल्यासारखं दिसतं. या एका शॉटसाठी तासभर थांबलो.

"वर काय बघताय? पायाखाली बघा की," वाटाडे मामा म्हणाले.

(जमिनीलगत. फुलांचा सडा.)

कुंभा. रात्री उमलतो, उजाडता गळतो. पाकळ्या नावापुरत्या, सगळा थाट केसरांचा: पांढऱ्या, बुडाशी गुलाबी. कॅमेरा खाली ठेवला आणि एक फूल टपकन पुढ्यातच पडलं. तेच हे.

याची साल जाड, भेगाळलेली; वणव्याची धग झाड त्यामुळं सोसतं. सालीच्या धाग्यांची वात पूर्वी तोड्याच्या, म्हणजे वातीनं बार उडवायच्या, बंदुकीला लावत. विझायची नाही, धुमसत राहायची. समोरच्या डोंगरावर शिवकाळातला भीमगड किल्ला उभा असताना हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

(वेल. पोपटी घोस.)

ही उक्षी. घोसातले पोपटी तुकडे पाकळ्या नव्हेत, फुलाची निदलं, म्हणजे कळीला झाकणारी बाहेरची दलं. फुलाचं फळ झालं की त्यांचेच पंख होतात आणि वारा बी घेऊन जातो. जाड वेल कापली की आतून पिण्याजोगं पाणी ठिबकतं. रानात फिरणाऱ्याची ही घागरच. तोडून दाखवा म्हटलं तर मामांनी हात जोडले. अभयारण्यात कोयता चालवायचा नाही. ते पाणी त्यामुळं तुम्हाला दिसणार नाही.

(परतीचा रस्ता. गाडीतून.)

आणि हे अकेशिया. ऑस्ट्रेलियाकडून आणून रांगेत लावलेलं. खाली करवंदीची जाळी नाही, मामांच्या गाई याला तोंड लावत नाहीत. सरकारी हिशेबात मात्र हीसुद्धा हिरवळच.

(ओढा.)

गोव्याकडं वाहणाऱ्या म्हादई नदीचा उगम याच खानापूर तालुक्यातला. तिच्या पाण्याचा तंटा लवादापर्यंत गेला. जंगलातल्या वाड्या उठवायची बोलणी वर्षानुवर्षं चालूच आहेत.

(देवळामागचं अंजनीचं झाड. अगदी जवळून.)

जुन्या, करड्या फांदीवर शाई शिंपडावी तशी निळी फुलं. पानाआड नाही, थेट लाकडावर.

"लाकूड लई चिवट हिचं. कुऱ्हाडीची धार जाते," मामा म्हणतात, आणि फांदी हलकेच खाली ओढून धरतात.

(निवेदन नाही. मधमाश्यांचा आवाज.)