पुण्याची लस आणि आंटीचं बाळ

(घानातल्या टेमा या बंदराच्या शहरात मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात झालेलं भाषण, थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी मला विषय दिला, 'घानाची अर्थव्यवस्था'. म्हणजे डॉलर कितीला गेला, एवढंच ना? ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा बघता. आरती चालू असतानाही बघता, मी मागच्याच रांगेत उभा असतो.

तर परवा आमच्याकडे पाहुणे जेवायला होते. मी रंगात येऊन सांगत होतो की मलेरियाच्या आर-21 लशीला जगात सगळ्यात आधी परवानगी दिली घानानं, एप्रिल 2023 मध्ये. आणि ती बनते कुठे? आमच्या पुण्यात! आता मी मूळचा दौंडचा. पण समुद्र ओलांडला की दौंड, बारामती, सासवड सगळं पुण्यातच जमा होतं. संशोधन ऑक्सफर्डचं, हे मी जरा हळू आवाजात सांगितलं. तेवढ्यात कन्यारत्न ताटावरून म्हणालं, "बाबा, आंटीच्या बाळाला कुठली लस दिली?" आंटी म्हणजे आमच्याकडे स्वयंपाकाला येतात त्या. मला माहीत नव्हतं. "बरं, बाळाचं नाव काय?" तेही नाही. "मग वार तरी?" इथं वार कळला की अर्धं नाव कळतं, शुक्रवारचा कोफी, शनिवारचा क्वामे. वारही नाही. बायको हसली, पाहुणेही हसले. मी भात कालवत बसलो.

पोरीचं बोलणं डोक्यातून जाईना. म्हणून अध्यक्षांचा विषय त्याच वाटेनं घेतो.

2022 आठवा. डॉलर सहा सेडींवरून (सेडी म्हणजे इथलं चलन) चौदाच्या पुढे गेला, डिसेंबरात महागाई 54.1 टक्के झाली, सरकारनं बाहेरच्या कर्जाचे हप्ते थांबवले. पुढच्या मे महिन्यात आयएमएफचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं, तीन अब्ज डॉलरचं पॅकेज मंजूर झालं. आपण तेव्हा इथंच बसून काय बोलत होतो? बंदरात अडकलेले कंटेनर. दुसरं काही बोलल्याचं मला तरी आठवत नाही. बाजारात गारी, म्हणजे कसाव्याचा भाजलेला रवा, मोजून देतात तो ओलोंका तुम्ही पाहिलाय, आपली पायलीच म्हणा. त्या डिसेंबरात आंटींनी ओलोंका सोडून लहान डब्यानं गारी घ्यायला सुरुवात केली होती. हे मला बायकोनं सांगितलं, परवा, पाहुणे गेल्यावर.

कोकोत हा देश आयव्हरी कोस्टच्या खालोखाल जगात दुसरा. 2024 मध्ये कोकोचा भाव टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला. पण इथल्या शेतकऱ्याचा भाव कोकोबोड हे सरकारी कोको मंडळ ठरवतं, आणि बराचसा माल आधीच जुन्या भावानं विकून झालेला होता. त्यात 'गालामसे'वाले, म्हणजे बेकायदा खाणवाले, सोन्यासाठी कोकोची झाडं उपटतात, पारा नदीत सोडतात. प्रा नदीचं पाणी पाहिलंत? दुधाळ चहा. आणि आपण या देशातून सुट्टीला घरी जाताना चॉकलेट घेतो ते दुबई विमानतळावर! हसू नका, गोल्डन ट्री हे घानाचं चॉकलेट इथेच टेम्यात बनतं. आमच्या फ्रिजमध्येही नाही.

पण हेही सांगायला हवं, की हा देश नुसता रडगाण्याचा नाही. 1960 च्या जनगणनेत माणसं होती 67 लाख, 2021 मध्ये 3 कोटी 8 लाख. पाच वर्षांच्या आत दगावणारी मुलं 1988 च्या पाहणीत हजारी 155 होती, 2022 मध्ये 40 वर आली. नारूचा रोग इथून गेला, खुपरीचाही. गावोगावच्या छोट्या आरोग्य केंद्रांतल्या नर्सेसनी घरोघर जाऊन मुलं जगवली. 'या लोकांना काही जमत नाही' असं आपण चहा पिताना किती सहज म्हणतो. मीसुद्धा म्हणतो, घरात ऐकणारं कोणी आहे हे विसरून.

आता थोडं कडू. आपल्यापैकी किती जणांनी आपल्या ड्रायव्हरचं, स्वयंपाकाच्या बाईचं स्निट, म्हणजे इथल्या सरकारी पेन्शन योजनेची वर्गणी, भरलंय? हात वर करा. ...माइकवाला नाही, भाऊ, तुम्ही हात खाली घ्या. मालकानं मूळ पगाराच्या 13 टक्के, कामगारानं साडेपाच. त्यातले अडीच टक्के आरोग्य विम्याकडे जातात आणि माणसाला विम्याचा वेगळा हप्ता पडत नाही. कायदा आहे हा, दानधर्म नव्हे. ढोलताशासाठी आपण एका संध्याकाळी वर्गणी जमवली होती.

मला काळजी वेगळीच आहे. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेनं मदत थांबवली, त्यात मलेरियाचा पैसाही होता. आणि नर्सेस इंग्लंडला निघाल्यात. जिथून परिचारिका मुद्दाम जाऊन भरती करू नयेत अशा देशांच्या यादीत जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये घानाचं नाव घातलं, तरी त्या जातातच. मलेरियाच्या लशीचे डोस चार, शेवटचा बाळ दीड वर्षाचं झाल्यावर. तोवर ते टोचणारी तिथं असेल का? तिला 'थांब' म्हणावं, तर दौंड सोडून इथवर आलेला मी कोणत्या तोंडानं म्हणू?

बरं, कार्यवाह खुणा करताहेत, वडे गार होताहेत. स्निटचे फॉर्म वड्यांच्या पलीकडच्या टेबलावर आहेत. पेन माझ्याकडे मिळेल.