जुन्या डिझेल गाडीला कोणतं ऑईल घालावं?

श्रोतेहो, नमस्कार. सेकंडहँड डिझेल गाडी दारात आली की पहिला सल्ला बहुधा एकच मिळतो: "इंजिन जुनं आहे, जाड ऑईल टाका." हा सल्ला ऐकण्याआधी थोडं थांबा. ऑईल ठरतं ते इंजिनाच्या रचनेवरून, वयावरून नव्हे.

सुरुवात आरसीपासून करा. गाडी धुराच्या प्रदूषणाच्या कोणत्या सरकारी मानकात बसते, म्हणजे बीएस-३, बीएस-४ की बीएस-६, हे त्यावर बहुधा लिहिलेलं असतं. नुसत्या सालावरून अंदाज बांधू नका. बीएस-४ देशभर लागू झालं एप्रिल २०१७ मध्ये, पण मुंबई, पुणे आणि सोलापुरात ते २०१० पासूनच होतं. त्यामुळे २०१३ ची पुण्याची गाडी आणि त्याच साली बाहेरच्या जिल्ह्यात घेतलेली गाडी एकाच वर्गातल्या असतीलच असं नाही. एप्रिल २०२० पासून सगळीकडे बीएस-६ आलं आणि ऑईलच्या दृष्टीनं खरा फरक तिथे पडला. कारण या डिझेल कारच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी जाळी असते. बीएस-४ मधल्या काही महागड्या गाड्यांतही ती आहे.

जाळीत साठलेली काजळी सुमारे ६०० अंशांना जळून जाते. पण ऑईलमधल्या धातूयुक्त रसायनांची राख जळत नाही. ती तिथेच साचत जाते आणि शेवटी जाळी बदलावी लागते. हा खर्च ऑईलच्या कितीतरी पट असतो. म्हणून डीपीएफ असलेल्या गाडीला कमी राखेचं ऑईलच हवं. डब्यावर एसीईए या युरोपीय संस्थेची सी२ किंवा सी३, किंवा एपीआय या अमेरिकी संस्थेची सीके-४ अशी दर्जाची खूण असते. यातलं नेमकं कोणतं, ते गाडीच्या पुस्तकात पाहा. डीपीएफ नसलेल्या जुन्या गाड्यांना सीआय-४ किंवा एसीईए ए३/बी४ चालतं. डब्यावर फक्त 'एसएन' किंवा 'एसपी' असेल, तर ते पेट्रोल इंजिनाचं ऑईल आहे. ते घेऊ नका. एपीआयच्या भाषेत डिझेलची खूण 'सी' अक्षरानं सुरू होते.

आता जाडीकडे येऊ. १५डब्ल्यू-४० मधला पहिला आकडा थंड इंजिनात ऑईल किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा १०० अंशांना त्याचा दाटपणा किती राहतो ते सांगतो. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग पहिल्या आकड्याशी काय देणंघेणं, असं अनेकांना वाटतं. पण सकाळी २० अंशांनाही ऑईल गरम इंजिनातल्यापेक्षा कितीतरी घट्ट असतं आणि टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या, बेअरिंगपर्यंत ते पोचायला उशीर लागला की झीज तिथेच होते. फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन घ्या. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा अशा कितीतरी जुन्या गाड्यांत ते आहे. त्याची टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर करणारी साखळी, ऑईलच्या दाबावर ताणलेली राहते. चेंबरमध्ये ऑईल मावतं जेमतेम ३ लिटरच्या आसपास, म्हणजे ते लवकर खराब होतं. अशा इंजिनात पुस्तकात नसलेलं २०डब्ल्यू-५० ओतलं, तर सकाळी सुरू करताना चेन खडखडू शकते आणि पुढे सैल पडू शकते.

आधीच्या मालकानं कोणतं ऑईल घातलं होतं ते कळत नसेल, तर पहिल्यांदा सगळं ऑईल आणि फिल्टर बदला. नुसतं वरून भरू नका. त्याआधी गेज, म्हणजे ऑईलची पातळी दाखवणारी पट्टी, काढून बघा. काळा रंग दिसला म्हणून घाबरू नका, डिझेल इंजिनात नवं ऑईलही लवकरच काळं पडतं. ऑईल दुधाळ दिसलं, तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, मिसळत असावं; गाडी चालवू नका. पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर ऑईलमध्ये डिझेल उतरतंय. बीएस-६ गाडी फक्त गावातल्या छोट्या फेऱ्यांना वापरली तर हे होऊ शकतं, कारण जाळी तापवून साफ करायला इंजिन जादा डिझेल सोडतं, ते काम दर वेळी अर्धवट राहतं आणि न जळलेलं डिझेल ऑईलमध्ये उतरतं. अशा पातळ झालेल्या ऑईलवर बेअरिंग टिकत नाही.

बदलताना इंजिन कोमट असावं आणि गाडी सपाट जागेवर. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा टाका. नव्या फिल्टरच्या रबराला बोटानं ऑईल लावा. पुस्तकातल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी भरा, इंजिन सुरू करून ऑईलचा दिवा विझू द्या, बंद करून ५ मिनिटं थांबा आणि मग गेज बघत बाकीचं भरा. आतला मळ फार असेल, तर फ्लशच्या बाटलीच्या नादी लागू नका. सुटलेला गाळ पंपाच्या जाळीत अडकला की दाबच जातो. त्यापेक्षा पहिलं ऑईल ३००० किलोमीटरवर फिल्टरसकट पुन्हा बदला. तसा गाळ हळूहळू निघतो.

सुटं ऑईल घेऊ नका. डब्याचं सील, उत्पादनाची तारीख आणि बॅच नंबर तपासा आणि रिकाम्या डब्याला भोक पाडूनच तो टाका, म्हणजे त्यात कुणी बनावट माल भरणार नाही. काढलेलं ऑईल गटारात किंवा शेतात नको. ते घातक कचऱ्यात मोडतं. अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडे ते जातं अशाच गॅरेजला द्या.

राहिला प्रश्न जाड ऑईलचा. बदलल्यावर १००० किलोमीटरनं गेज बघा. अर्ध्या लिटरहून जास्त कमी झालं आणि निळा धूर येत असेल, तर आधी गळती, टर्बोचं सील आणि पिस्टनच्या रिंगा तपासून घ्या. त्यात काही सापडलं नाही, तरच पुस्तकातला ग्रेडचा तक्ता उघडा. त्यात दुसरा आकडा ३० आणि ४० असे दोन्ही दिलेले असतील, तर ४० वर जा. तक्त्याबाहेर जाऊ नका.