तेराव्यावरून सेहेचाळिसाव्यावर

[पडद्यावर: जुनी ऑडिओ कॅसेट, अगदी जवळून. कव्हरवर बॉलपेनने बारीक अक्षरात तारीख, गावाचं नाव, गाण्यांची यादी.]

८ मे १९७७. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातलं इथाका गाव. मे महिना उजाडलाय, तरी त्या रात्री बाहेर बर्फ पडतोय. कॉर्नेल विद्यापीठाचा बार्टन हॉल म्हणजे एरवी कवायतीची आणि खेळांची जागा. आज तिथे ग्रेटफुल डेड नावाचा बँड वाजवतोय. मध्यंतरानंतर ‘स्कार्लेट बिगोनियाज’ हे गाणं सुरू होतं. शब्द संपतात, वाजवणं संपत नाही. गिटार एक छोटी जागा घेते, तीच जागा पुन्हा घेते, दर वेळी जरा वेगळ्या अंगाने. पाठचा ठेका हळूहळू बदलायला लागतो. आपण ऐकतच असतो, आणि कधीतरी लक्षात येतं की हे दुसरंच गाणं आहे. ‘फायर ऑन द माउंटन’. शिवण कुठे पडली ते सापडत नाही.

दोन्ही मिळून पंचवीसेक मिनिटं. या पंचवीस मिनिटांवरून जवळजवळ पन्नास वर्षं वाद चालू आहे.

[पडद्यावर: दाढीवाला, जाड चष्म्याचा गिटारवादक. काळा टी-शर्ट. मान किंचित खाली.]

हा जेरी गार्सिया. १९६५ ते १९९५ अशी तीस वर्षं तो या बँडमध्ये वाजवत आणि गात होता. या काळात ग्रेटफुल डेडचे सुमारे २,३०० कार्यक्रम झाले. दर रात्री गाण्यांचा क्रम वेगळा असायचा, आणि गाण्यातला मोकळा भाग जागेवरच सुचायचा. अशा बँडना पुढे जॅम बँड म्हणायला लागले. त्यांच्या मागे गावोगाव फिरणारे चाहते स्वतःला डेडहेड म्हणवतात. ‘जेरी खरंच थोर होता का?’ असा प्रश्न दोन डेडहेडांसमोर टाकून बघा, रात्र सरेल.

‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन संगीत नियतकालिकाने २००३ साली सर्व काळातल्या शंभर थोर गिटारवादकांची यादी छापली. गार्सिया तेरावा. २०११ साली यादी नव्याने केली. गार्सिया सेहेचाळिसावा. तोवर त्याला जाऊन सोळा वर्षं झाली होती. या दोन याद्यांच्या मधे त्याने एकही सूर वाजवलेला नव्हता, आणि तरीही तो तेहेतीस पायऱ्या खाली आला. पहिली यादी एका समीक्षकाने केली होती, दुसरी गिटारवादकांच्या आणि जाणकारांच्या मतांवरून झाली. ऐकणारे कान बदलले, बाकी सगळं तसंच होतं.

मला या दोन आकड्यांबद्दल मनापासून वाईट वाटतं. क्रमांक खाली गेला म्हणून वाटत नाही. या माणसाला मोजायला फूटपट्टीच चुकीची घेतली, म्हणून वाटतं.

विरोधात बोलणारे काय म्हणतात ते आधी ऐकून घेऊ, कारण ते सगळंच खोटं नाही. ते म्हणतात, याच्या हातात वेग नाही. एकाच जागेभोवती घोळत बसतो. शब्द विसरतो. एखादी रात्र अप्रतिम जाते आणि पुढच्या चार रात्री नुसत्या रेंगाळतात. १९६९च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात तर सगळा बँडच कोसळला होता, आणि ते त्यांनी स्वतः कबूल केलं. हे सगळं टेपवर आहे. नाकारायचं कसं?

पण त्याच टेपवर दुसरंही काही आहे. त्यासाठी या माणसाचा हात बघायला हवा.

[पडद्यावर: उजव्या हाताचा पंजा. तार छेडायची चकती, म्हणजे पिक, धरलेली दोन बोटं. मधलं बोट अर्धवट.]

गार्सियाचा जन्म सॅन फ्रान्सिस्कोचा, १ ऑगस्ट १९४२. चार वर्षांचा असताना सांताक्रूझच्या डोंगरात तो मोठ्या भावाबरोबर लाकडं फोडत होता. भावाच्या हातातली कुऱ्हाड बोटावर पडली, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाची दोन पेरं गेली. पाच वर्षांचा झाला तेव्हा वडील मासे धरायला गेलेले असताना नदीत बुडाले. वडील स्वतः वादक होते, आणि पोराचं जेरोम हे नाव त्यांनी संगीतकार जेरोम कर्नवरून ठेवलेलं. पंधराव्या वाढदिवसाला आईने अ‍ॅकॉर्डियन आणला. पोराने हट्ट धरला, आणि अ‍ॅकॉर्डियनच्या जागी गहाणवटीच्या दुकानातली इलेक्ट्रिक गिटार घरात आली.

रॉकमध्ये येण्याआधी मात्र त्याने बँजो धरला होता, आणि अगदी झपाटल्यासारखा धरला होता. त्याच्या वाजवण्याची किल्ली मला तिथे सापडते. बँजोची तार छेडली की सूर लगेच विरतो. लांबवता येत नाही. म्हणून प्रत्येक सूर वेगळा छेडावा लागतो, स्वच्छ आणि सुटा. गार्सियाने हीच सवय गिटारवर आणली. रॉकमधले कितीतरी वादक सूर एकमेकांत कालवतात, वर आवाजाचा मुलामा चढवतात. याचा एकेक सूर मात्र वेचून घ्यावा असा वेगळा पडतो. सुराला टेकण्याआधी शेजारच्या सुराला निसटता स्पर्श करायचा, मग तार ओढून खालून वर यायचं, ही त्याची लकब. आपण कणस्वर म्हणतो, मींड म्हणतो, त्याच्या फार जवळचं आहे हे. गळ्याने गाणाऱ्या माणसाला जे सुचेल ते तो बोटांनी वाजवायचा.

[पडद्यावर: फिलमोर वेस्ट सभागृह, सॅन फ्रान्सिस्को. मंद निळा प्रकाश.]

२७ फेब्रुवारी १९६९ची रात्र घ्या. ‘डार्क स्टार’ नावाचं गाणं. शब्द जेमतेम दोन कडवी, आणि वाजवणं तेवीस मिनिटांच्या वर. त्याच वर्षी निघालेल्या ‘लाइव्ह/डेड’ या रेकॉर्डवर त्या रात्रीचा हाच ‘डार्क स्टार’ आहे. सूर मिक्सोलिडियन, म्हणजे शुद्ध गंधार आणि कोमल निषाद. आपल्या खमाज थाटाचेच सात सूर. राग खमाज नव्हे, तसा दावा मी करणार नाही, फक्त सुरांचा संच एक आहे. पण ज्याने कधी मैफलीत मांडी ठोकून तास-दीड तास काढलाय, त्याला इथे परकं वाटत नाही. घाई नाही. आधी दोन-तीन सुरांत घुटमळणं, मग एक पाऊल पुढे, पुन्हा मागे. एक जागा मांडून ठेवायची आणि चार मिनिटांनी तिच्याकडे परत यायचं. आपल्याकडे याला रेंगाळणं म्हणत नाहीत, बढत म्हणतात.

आणि त्या वेळी बाकीचे काय करतायत? फिल लेश बास गिटारवर नुसता आधार देत नाही, तो उलटा जाऊन स्वतःचीच चाल गातोय. दुसरा गिटारवादक बॉब वेअर अशा जागी कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार सूर, टाकतो जिथे कोणी टाकणार नाही. दोन ड्रमवाले आपसात बोलतायत. या सगळ्या कोलाहलात गार्सिया अचानक गप्प होतो. दोन-तीन मात्रा काहीच नाही. मग लेशने नुकतीच टाकलेली एक ओळ उचलतो, तिचं शेपूट बदलतो आणि परत देतो. माझ्या लेखी त्याचं थोरपण इथे आहे. त्याच्याइतकं ऐकणारा गिटारवादक रॉकमध्ये मला दुसरा सापडलेला नाही. ऑर्नेट कोलमनसारख्या जॅझमधल्या बंडखोराने १९८८ साली त्याला आपल्या रेकॉर्डवर वाजवायला बोलावलं. १९९० साली नॅसॉ कोलिझियममध्ये सॅक्सोफोनवादक ब्रॅनफर्ड मार्सालिस पाहुणा म्हणून आला आणि त्यांच्यात मिसळून वाजवत राहिला. या लोकांना वेगाचं काय कौतुक? ते स्वतः हवे तितके वेगवान होते.

[पडद्यावर: प्रेक्षागृहात उंच दांड्यांवर लावलेले मायक्रोफोन. खाली पट्टा लावलेली टेप यंत्रं.]

आता वादाची खरी गंमत. हा सगळा वाद टेपांवर उभा आहे. ग्रेटफुल डेडने चाहत्यांना कार्यक्रम टेप करू दिले, आणि १९८४ साली तर टेप करणाऱ्यांसाठी वेगळी जागाच राखून ठेवायला सुरुवात केली. चाहत्यांचा दंडक एकच, विकायचं नाही. कोऱ्या कॅसेटी आणि परतीचं टपाल पाठवा, समोरचा भरून पाठवेल. एका कॅसेटवरून दुसरी, तिच्यावरून तिसरी. प्रत्येक पिढीला खरखर वाढत जायची.

मग कॉर्नेलची रात्रच सगळ्यांच्या तोंडी का? ती थोर होतीच. पण ती बेटी कँटर-जॅक्सन या ध्वनिमुद्रणकर्तीने थेट बँडच्या आवाजयंत्रणेवरून टेप केली होती, फार सुरेख केली होती. पुढे पैशांच्या अडचणीत तिच्या टेपांचा साठा गोदामातून लिलावात गेला, चाहत्यांनी घेतला, आणि १९८०च्या दशकाच्या शेवटी त्या स्वच्छ टेपा हातोहात पसरल्या. म्हणून काही जुने डेडहेड आजही आग्रहाने सांगतात की दुसऱ्याच दिवशी, ९ मेला, बफेलोत बँड याहून चांगला वाजला. कोणी १९७२च्या युरोप दौऱ्यापुढे काही मानत नाही. बावीस कार्यक्रमांचा तो दौरा नंतर अख्खाच्या अख्खा प्रसिद्ध झाला. कोणी १९८९-९०चं नाव घेतो. आणि प्रत्येकाकडे पुरावा आहे, तारखेसकट.

कॉर्नेलची टेप २०११ सालच्या यादीत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंदवली. त्यानेही वाद मिटला नाही, आणि मिटू नये. ‘अमुक थोर की तमुक थोर’ यापेक्षा ‘अमुक रात्र ऐकलीस का?’ हा प्रश्न कितीतरी श्रीमंत आहे. त्याला उत्तर द्यायचं तर बसून ऐकावं लागतं.

[पडद्यावर: ऑकलंड. डिसेंबर १९८६.]

शेवटच्या वर्षांबद्दल बोलताना त्याच्या चाहत्यांचा आवाज खाली येतो. हेरॉइन होतं, मधुमेह होता. जुलै १९८६ मध्ये तो मधुमेहाने बेशुद्ध पडला आणि काही दिवस कोमात होता. शुद्धीवर आला तेव्हा वाजवणं हातातून गेलेलं. मेर्ल सॉन्डर्स या त्याच्या कीबोर्डवादक मित्राने शेजारी बसून त्याला एकेक कॉर्ड पुन्हा शिकवली. त्रेचाळीस-चव्वेचाळीस वर्षांचा आयुष्यभर वाजवलेला माणूस पहिल्यापासून बोटं ठेवायला शिकत होता. १५ डिसेंबरला ऑकलंडमध्ये तो पुन्हा उभा राहिला आणि ‘टच ऑफ ग्रे’ने सुरुवात केली. तगून राहण्याचं गाणं. पुढच्या वर्षी त्याच गाण्याने बँडला अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत आयुष्यातलं एकमेव पहिल्या दहातलं यश दिलं. त्या यशामागून स्टेडियमं आली, गर्दी आली, आणि त्या गर्दीने त्याला थकवलं असं मला वाटतं. १९९४-९५च्या कित्येक टेपा ऐकवत नाहीत. हात अडखळतो, शब्द हरवतात. जे त्या रात्रींनाही थोर म्हणतात त्यांचं प्रेम मला कळतं, पण पटत नाही. ज्याचे कान इतके तयार होते, त्याच्याबद्दल आपणही कानाशी प्रामाणिक राहायला हवं.

९ जुलै १९९५ला शिकागोच्या सोल्जर फील्डवर शेवटचा कार्यक्रम झाला. पुरता महिना उलटला, आणि ९ ऑगस्टला तो व्यसनमुक्ती केंद्रात झोपेत हृदयविकाराने गेला. वय त्रेपन्न. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच्या अस्थींचा काही भाग बॉब वेअरने ऋषिकेशला आणून गंगेत सोडला.

वीस वर्षांनी, २०१५ साली, त्याच सोल्जर फील्डवर उरलेल्यांनी निरोपाचे कार्यक्रम केले. गिटारला फिश या बँडचा ट्रे अनास्टासिओ होता. ट्रे मोठा की जेरी, हा नव्या पिढीचा वाद आणखी जोरात झाला. ट्रेची तयारी जास्त आहे, हात जास्त चालतो, मला मान्य आहे. जेरीच्या एका सुरात जो माणूस दिसतो, तो मला तिथे दिसत नाही.

[पडद्यावर: सॅन राफाएल, कॅलिफोर्निया. झाडांमधली एक इमारत, आतून तबल्याचा आवाज.]

आता कॉर्नेलकडे परत येऊ. सॅन राफाएलमध्ये डेडचं कार्यालय होतं. त्याच गावात उस्ताद अली अकबर खाँसाहेबांचं संगीत महाविद्यालय. डेडचा ड्रमवादक मिकी हार्ट उस्ताद अल्लारखाँकडून तालाचे धडे घेत होता, आणि अल्लारखाँचा मुलगा, माहीमचा झाकिर हुसेन, त्या महाविद्यालयात शिकवायला आला होता. तिथल्या तालवाद्यांच्या मेळ्यातून दिगा ऱ्हिदम बँड उभा राहिला, आणि १९७६ साली त्यांची रेकॉर्ड निघाली. त्यातल्या ‘हॅपिनेस इज ड्रमिंग’वर गिटार कोणाची? गार्सियाची. त्याच तुकड्याला पुढे डेडचा गीतकार रॉबर्ट हंटर याने शब्द दिले आणि त्याचं ‘फायर ऑन द माउंटन’ झालं.

म्हणजे बार्टन हॉलमध्ये त्या रात्री जे दुसरं गाणं न कळत सुरू झालं, ते तबल्याच्या संगतीत जन्मलं होतं. त्याला सगळ्या मिळून दोनच कॉर्ड आहेत. दोन कॉर्ड आणि तोच कोमल निषाद. इतक्या थोड्या जागेत पंधरा मिनिटं करायचं काय? मी आता गप्प बसतो. ‘स्कार्लेट’चे शब्द संपले की बास ऐका, गिटारच्या मागे धावू नका. लेशची ओळ वळेल, ड्रम थोडे खाली बसतील. आणि तेवढ्यात गार्सिया थांबेल.

[आवाज वाढत जातो. पडद्यावर फक्त फिरणारी कॅसेट.]