कारखान्यांच्या नावाचा चषक

श्रोतेहो, नमस्कार.

मे २०२३. इटलीतलं तुरीन शहर. युरोपातल्या पुरुषांच्या क्लब व्हॉलीबॉलमधला सगळ्यात मानाचा सामना, म्हणजे चॅम्पियन्स लीगची फायनल, तिथं रंगली होती. सामना इटलीत, पण कोर्टावरचे दोन्ही संघ पोलंडचे. एक संघ नायट्रोजनयुक्त खतं बनवणाऱ्या कारखान्याचा, दुसरा कोळसा खाणीच्या कंपनीचा. पाच सेटपर्यंत झुंज झाली आणि खतवाले जिंकले. त्या क्लबचं नाव झाक्सा. गाव केंजेझिन-कोझ्ले. सलग तिसऱ्या वर्षी युरोपचा चषक त्याच गावात गेला. आणि गावची लोकसंख्या किती? ६०,०००च्या आसपास.

आपलं सोलापूर २०११च्या जनगणनेत साडेनऊ लाखांचं होतं. हे दोन आकडे शेजारी ठेवले की मला स्वस्थ बसवत नाही. म्हणून आज या स्पर्धेचा इतिहास तुम्हाला सांगायला बसलोय. हा इतिहास सोलापूरच्या माणसाला लवकर कळेल, असं मला मनापासून वाटतं. कारण गिरणी म्हणजे काय आणि गिरणीच्या आधारानं उभं राहिलेलं गाव म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

स्पर्धा सुरू झाली १९५९-६०च्या हंगामात. तेव्हा तिचं नाव युरोपियन चॅम्पियन्स कप. प्रत्येक देशाचा विजेता क्लब यायचा आणि त्यांच्यात बाद फेऱ्या व्हायच्या. पहिला चषक नेला मॉस्कोच्या सीएसकेएनं. हा सोव्हिएत लष्कराचा क्लब. पुढच्या वर्षी जिंकला बुखारेस्टचा रॅपिड, म्हणजे रुमानियाच्या रेल्वे कामगारांचा क्लब. रेल्वेचा संघ म्हटलं की सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. आपल्याकडं रेल्वेचं विभागीय मुख्यालय आहे. खेळाच्या जोरावर रेल्वेत चिकटणं हे इथल्या कित्येक घरांतलं स्वप्न आहे. बुखारेस्टमध्येही ते तसंच होतं. दिवसा रेल्वेच्या नावावर पगार, संध्याकाळी रेल्वेच्या नावाचा शर्ट.

मग यादी बघत जा. बुखारेस्टचाच दिनामो, हा गृहखात्याचा. झेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनोचा संघ शस्त्रांच्या कारखान्याशी जोडलेला. लिबेरेत्सचा दुक्ला लष्कराचा. १९७८ साली जिंकलेला पोलंडचा प्वोमिएन मिलोवित्से हा तर कोळसा खाणीचा क्लब. १९६० ते १९७९ या वीस वर्षांत एकदाही हा चषक पश्चिम युरोपात गेला नाही. मॉस्को, बुखारेस्ट, लायपझिग, सोफिया, ब्रनो, ब्रातिस्लाव्हा, सगळा पूर्वेकडचाच कारभार. तिथं सरकार कारखाना चालवायचं आणि कारखाना संघ चालवायचा.

यातली एक गंमत आवर्जून सांगतो. १९७० आणि १९७१ ही लागोपाठ दोन वर्षं युरोपचा हा चषक गेला अल्माअताला! अल्माअता म्हणजे आजच्या कझाकस्तानातलं अल्माटी. ते गाव रोमपेक्षा आपल्या दिल्लीला कितीतरी जवळ. सोव्हिएत संघाचा भाग म्हणून तिथला बुरेव्हेस्टनिक हा विद्यार्थ्यांचा क्लब युरोपच्या स्पर्धेत खेळायचा. नकाशा काय म्हणतो ते म्हणो, चषक आशियात दोन वर्षं मुक्कामाला होता.

या सगळ्यात सीएसकेए मॉस्को म्हणजे डोंगर. तेरा वेळा चषक! १९८६ ते १९८९ सलग चार वर्षं. तेरा चषकांचा तो विक्रम आजही कुणी मोडलेला नाही. आता, लष्करानं पोसलेल्या संघाचं काय कौतुक, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. खेळाडूला सकाळी उठून पोटाची चिंता नसली, की तो उडी मारण्याचा विचार करू शकतो. आपल्याकडंही सेनादल, रेल्वे, पोलीस, वीज मंडळ, बँका यांच्याच संघांनी व्हॉलीबॉल जगवलं. नोकरी मिळाली म्हणून खेळ टिकला, हे आपल्या देशातलंही खरं आहे.

१९८० साली पहिल्यांदा चषक पश्चिमेला गेला. इटलीतल्या तुरीनच्या संघानं तो जिंकला. शर्टावर नाव होतं क्लिपान, म्हणजे प्रायोजकाचं. १९८४ आणि ८५ला पार्मा जिंकला, शर्टावर सांताल, फळांच्या रसाचं नाव. मोदेनाचा क्लब उभा केला पानिनी कंपनीनं, तीच ती खेळाडूंच्या चित्रांचे स्टिकर छापणारी. राव्हेन्नाच्या संघाला नाव होतं एका वर्तमानपत्राचं, इल मेसाजेरो. अमेरिकेचा कार्च किराय, ज्याला जगातला सर्वोत्तम व्हॉलीबॉलपटू मानतात, तो या राव्हेन्नाकडून खेळला. १९९१ साली सीएसकेएनं आपला शेवटचा चषक उचलला, त्याच वर्षअखेरीस सोव्हिएत संघच मोडला. १९९२पासून २०००पर्यंत सलग नऊ वर्षं विजेता इटलीचाच. राव्हेन्ना, त्रेव्हिसो, मोदेना, पुन्हा त्रेव्हिसो.

पूर्वेला सरकारी कारखाना, पश्चिमेला खासगी. पण पाठीशी कुणीतरी उभं आहेच. व्हॉलीबॉलचं गणितच तसं आहे. हॉल लहान, तिकिटाची कमाई बेताची, आणि डझनभर उंचपुऱ्या माणसांना वर्षभर सांभाळायचं, देशोदेशी न्यायचं. नुसत्या तिकिटांवर तो खर्च निघणं कठीण.

त्रेव्हिसोचं नाव घेतलं, तिथं मला थांबायचंय. त्रेव्हिसोनं हा चषक चार वेळा जिंकला, १९९५, १९९९, २००० आणि २००६. पण त्याच्या कितीतरी आधी, १९८२च्या सुमाराला, या त्रेव्हिसोच्या शर्टात एक भारतीय खेळत होता. जिमी जॉर्ज. केरळचा, पोलीस खात्यातला. वयाच्या एकविसाव्या वर्षी अर्जुन पुरस्कार मिळालेला. जाळीवर उडी मारून तो हवेत जणू थांबायचा आणि समोरचा ब्लॉक खाली यायला लागला की मग हात चालवायचा, असं त्याला पाहिलेली माणसं सांगतात. १९८६च्या सोल आशियाई खेळांत भारतानं व्हॉलीबॉलचं कांस्यपदक मिळवलं, त्या संघात तो होता. ३० नोव्हेंबर १९८७ रोजी इटलीतच मोटार अपघातात तो गेला. वय अवघं बत्तीस. आशियाई खेळांत भारतीय पुरुषांना व्हॉलीबॉलचं पदक त्यानंतर मिळालेलं नाही. ज्या गावाच्या शर्टात तो खेळला ते गाव पुढं युरोपचं राजा झालं. आणि तिथल्या क्लबचंही काय झालं? २०१२ साली पाठीशी असलेल्या उद्योगानं हात काढून घेतला आणि वरिष्ठ संघ बंद पडला. चार चषकांचा मालक! गिरणीचा भोंगा एक दिवस वाजायचा थांबतो, तसंच ते झालं.

खेळही या काळात बदलला. जुने लोक आठवून बघा, पूर्वी ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण. सर्व्हिस इकडून तिकडं, तिकडून इकडं, आणि फळ्यावरचा आकडा जागचा हलत नसे. १९९८ साली ठरलं की प्रत्येक रॅलीला गुण, आणि सेट पंचवीसचा. लिबेरो, म्हणजे वेगळ्या रंगाचा शर्ट घातलेला तो चपळ बचावपटू, तोही त्याच वर्षी नियमांत आला. २०००-०१पासून स्पर्धेला चॅम्पियन्स लीग हे नाव मिळालं आणि त्या नावाखालचा पहिला चषक पॅरिसनं नेला. २००७ला जर्मनीचा फ्रिडरिक्सहाफेन जिंकला. तेही साठ हजारांच्या आसपासचं तळ्याकाठचं गाव, झेपेलिन नावाच्या, वायू भरून उडणाऱ्या अवाढव्य हवाई जहाजांसाठी ओळखलं जाणारं. २००९ ते ११ इटलीचा ट्रेंटिनो. मग २०१५ ते १८ सलग चार वर्षं रशियाचा झेनित कझान, क्यूबाचा विल्फ्रेडो लिऑन त्यांच्याकडून खेळत असताना. २०२०ची स्पर्धा कोरोनामुळं अर्धवट राहिली. २०२२पासून युद्धामुळं रशियाचे क्लब बाहेर.

आणि मग झाक्सा. २०२१मध्ये त्यांनी उपांत्यपूर्व फेरीत इटलीच्या लुबे क्लबला आणि उपांत्य फेरीत कझानला हरवलं, दोन्ही वेळा गोल्डन सेटवर. हा प्रकार असा. एक सामना तुमच्या गावात, एक त्यांच्या. दोघांनी एकेक सामना तोलामोलानं जिंकला, तर दुसरा सामना संपल्यावर तिथल्या तिथं पंधरा गुणांचा आणखी एक सेट. दोन तास खेळून पाय जड झालेत, आणि दोन सामन्यांचा निकाल त्या पंधरा गुणांत. प्वोमिएनच्या १९७८च्या विजयानंतर पोलंडला त्रेचाळीस वर्षांनी चषक मिळाला, तो असा. २०२४ला पुन्हा ट्रेंटिनो आणि २०२५ला इटलीचाच पेरुजा.

आपल्या आशिया खंडाची क्लब स्पर्धा १९९९ला सुरू झाली. तिथंही नावं बघा. इराणचा पैकान मोटार कारखान्याचा, कोरियाचा सॅमसंग विमा कंपनीचा, जपानचा सनटोरी पेयांच्या कंपनीचा, इराणच्याच सिरजानचा फौलाद पोलादाचा. भारतात प्राइम व्हॉलीबॉल लीग २०२२ला सुरू झाली. २०२३चा विजेता अहमदाबाद डिफेंडर्स त्या डिसेंबरात बंगळुरूला क्लबांच्या जागतिक स्पर्धेत उतरला. ती स्पर्धा पेरुजानंच जिंकली. पण अहमदाबादच्या पोरांनी त्या पातळीची सर्व्हिस अंगावर घेऊन पाहिली, हे मला फार मोलाचं वाटतं.

आपल्या जिल्ह्यात पोरांची उणीव नाही. कुठल्याही गावात संध्याकाळी जा. दोन लोखंडी खांब, मधे नेट, फक्कीनं मारलेल्या रेषा, मातीवर पाणी शिंपडलेलं. खालून एकजण ओरडतोय, ‘नेट ढिली झालीय, ओढ की रं!’ शूटिंग व्हॉलीबॉलचे सामने तर रात्र रात्र चालतात, ट्रॅक्टर लावून माणसं बघायला येतात. पण सहाजणांचं स्मॅशिंग व्हॉलीबॉल, त्याला लागणारा लाकडी तळाचा हॉल, चांगला लिफ्टर, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारा खेळाडू, घडवायला लागणारी पाच-सात वर्षं आणि त्या वर्षांत त्याच्या घरी जाणारे पैसे, हे सगळं एकट्या तालमीला किंवा मंडळाला झेपत नाही.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून आपले टॉवेल जगभर जातात. पूर्व भागातल्या यंत्रमागांवर विणलेली चादर सगळ्या महाराष्ट्राच्या अंगावर आहे. या उद्योजकांतले कुणी आत्ता रेडिओ ऐकत असतील, तर त्यांना माझं थेट विचारणं आहे. चार-पाच कारखान्यांनी मिळून बारा पोरं आणि एक प्रशिक्षक पाच वर्षांसाठी दत्तक घ्यायला काय लागेल, याचा हिशेब एकदा मांडून बघाल का? शर्टावर नाव तुमचं घाला. खाली सोलापूर लिहा.

नमस्कार.