शेख उस्मानचं पाणी आणि तिथलं इस्पितळ

एडन म्हटलं की आपल्याला वासुदेव बळवंत फडके आठवतात. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथल्या तुरुंगातच त्यांचा अंत झाला. अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरचं हे बंदर समुद्रापलीकडे असलं तरी तेव्हा मुंबई सरकारच्याच ताब्यात होतं. १८३९ साली कॅप्टन हेन्सने ते घेतलं, तेव्हापासून १९३२ पर्यंत तिथला कारभार मुंबईहून चालायचा आणि बाजारात रुपयाच चालायचा. पण आज मला तुरुंगाबद्दल नाही, तिथून काही मैलांवरच्या एका इस्पितळाबद्दल बोलायचं आहे.

एडन म्हणजे थंड झालेला ज्वालामुखी. नुसता कातळ, पाण्याची वानवा. सुवेझ कालवा झाल्यावर जहाजांची वर्दळ वाढली, पण पाणी यायचं ते मुख्य भूमीवरून, शेख उस्मानच्या विहिरींमधून. ते गाव इंग्रजांनी १८८२ मध्ये शेजारच्या लाहेज संस्थानाच्या सुलतानाकडून विकत घेतलं. येमेनच्या डोंगराळ भागातून कॉफी, कडबा, सरपण घेऊन येणारे उंटांचे काफिले बंदरात शिरण्याआधी इथेच थांबायचे. सरकारी दवाखाने होते, पण ते बंदरातल्या वस्तीसाठी आणि पलटणींसाठी. आतल्या मुलखातून चार-पाच दिवस चालत येणाऱ्या माणसासाठी कुणीच नव्हतं.

आयन कीथ-फॉल्कनरने नेमकी हीच जागा निवडली. स्कॉटलंडच्या एका अर्लचा, म्हणजे उमरावाचा, हा मुलगा. केंब्रिजमध्ये अरबी शिकला आणि पुढे तिथेच प्राध्यापक झाला. सायकलपटू तर असा की १८७८ मध्ये पाच मैलांच्या शर्यतीत त्याने जॉन कीन या व्यावसायिक विजेत्याला हरवलं. आणि जाता जाता सांगतो, ‘कलीला व दिमना’चा सिरियाक या जुन्या भाषेतून इंग्रजी अनुवाद त्याने १८८५ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे आपल्याच पंचतंत्रातले करटक आणि दमनक! धर्मप्रचार हा त्याचा हेतू होता, तो त्याने कधी लपवला नाही. पण नुसत्या प्रवचनाला कोण येणार? म्हणून डॉ. स्टुअर्ट कोवेन यांना बरोबर घेऊन तो १८८६ च्या अखेरीस आला. खर्चाचा मोठा भार त्याने स्वतःच उचलला.

पक्की इमारत उभी राहायच्या आतच त्याला ताप धरला. उतरायचा, पुन्हा चढायचा. ११ मे १८८७ रोजी कीथ-फॉल्कनर गेला, अवघ्या तिसाव्या वर्षी. तो ताप हिवतापच असावा. विहिरी, बागा, साचलेलं पाणी, म्हणजे डासांची चैनच. ज्या पाण्यामुळे रोगी त्या वाटेने येणार होते, त्याच पाण्याने बहुधा त्याला नेलं. आणि हे त्याला कळायला मार्गच नव्हता. रोनाल्ड रॉसने सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले ते १८९७ मध्ये, दहा वर्षांनी.

काम मात्र थांबलं नाही. त्याचंच नाव लागलेल्या या इस्पितळात डॉ. जॉन कॅमेरॉन यंग यांनी पुढची तीसेक वर्षं काढली. तिथले आजार आपल्याकडच्या जुन्या डॉक्टरांना परके वाटले नसते. चिघळलेल्या जखमा, डोळ्यांचे विकार, ताप. आणि नारू! पायातून बाहेर येणारा तो किडा काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा, हा उपाय येमेनमध्येही तोच आणि आपल्याकडेही तोच.

औषधाआधी शुभवर्तमान वाचून दाखवायचं, ही मिशनरी दवाखान्यांची रीत. रोगी निमूट ऐकून घेत, औषध घेत आणि घरी जाऊन नमाज पढत. धर्मांतरं इतकी तुरळक की मिशनच्या हिशेबाने हा तोट्याचाच व्यवहार ठरावा. माझ्या मते इस्पितळाची पत टिकली ती त्यामुळेच. डॉक्टरकडे गेलेला माणूस मुसलमान म्हणूनच परत येतो हे गावोगावी दिसत होतं, मग बायकामुलांना पाठवायला भीती कसली?

मग १९१५ चा जुलै उजाडला. अली सईद पाशाच्या तुर्की फौजेने लाहेज घेतलं आणि पाठोपाठ शेख उस्मानही. एडनचं पाणीच तोडल्यासारखं झालं. इंग्रजांना गाव परत घ्यावंच लागलं, ते त्यांनी २१ जुलैला घेतलं. पण लाहेज महायुद्ध संपेपर्यंत तुर्कांकडेच राहिलं. ज्या वाटेने रोगी यायचे, त्याच वाटेवर तीन वर्षं दोन्ही फौजा समोरासमोर होत्या. लढाई थांबल्यावर यंग पुन्हा कामाला लागले आणि १९२६ च्या सुमारास त्यांचा तिथला कार्यकाळ संपला, तेव्हा जागेवर यायला दुसरे डॉक्टर होते.