घंटागाडीत जाण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

श्रावण सुरू आहे, सरींमागून सरी येताहेत, माती हाताला भुसभुशीत लागतेय. मी ज्या कामाबद्दल बोलणार आहे, त्याला याहून चांगले दिवस वर्षात दुसरे नाहीत. लोकांनी टाकून दिलेली झाडं आणून जगवणं, आणि एकाची दहा करणं, हे ते काम.

काही वर्षांपूर्वी नाशिकच्या कॉलेज रोडच्या मागच्या एका गल्लीत जुना बंगला पाडायला घेतला होता. अंगणात मोगऱ्याचा वाफा, नळाजवळ सोनटक्का, फाटकाशी चाफा आणि खिडकीखाली पुरुषभर उंच अनंत. वॉचमन म्हणाला, "काकू, मालक न्या म्हणालेत. उद्या जेसीबी येणार आहे, न्यायचं ते आजच न्या." महिना मे. मी भर दुपारी अनंत खणायला घेतला. कोरडी माती ढासळली, मुळं उघडी पडली, तशीच रिक्षात घालून घरी आणली. आठ दिवसांत पानं काळी पडून गळाली. इतक्या वर्षांचं झाड माझ्या घाईने गेलं, याचं दुःख अजून आहे. त्याच दिवशी आणलेले सोनटक्क्याचे कंद मात्र पावसाळ्यात तरारून वर आले, आणि चाफ्याच्या फांद्या आज माझ्या गच्चीवर फुलतात.

तेव्हापासून मी आख्खं झाड उचलायच्या मागे लागत नाही. त्याची फांदी, कंद, मुळाशी फुटलेलं पिल्लू, यातलं काय जगेल ते आधी बघते. चाफ्याची हातभर फांदी कापावी, चीक गळू द्यावा आणि आठवडाभर सावलीत नुसती पडू द्यावी. कापलेली जागा सुकली की मगच कुंडीत लावायची. ओल्या जखमेनिशी लावली तर फांदी सडते. जास्वंद, तगर, बोगनवेल यांची पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांब काडी घ्यायची. खालचा काप डोळ्याच्या, म्हणजे नवा कोंब फुटतो त्या जागेच्या, लगेच खाली, खालची पानं काढलेली, आणि वरची बाजू वरच ठेवायची. उलटी खोचलेली काडी सहसा जगत नाही. बोगनवेल मुळासकट उपटून आणण्याच्या फंदात पडू नका. तिच्या मुळांना हात लागलेला तिला सोसत नाही. कढीपत्त्याची पिल्लं आईभोवती उगवलेली असतातच, ती मातीसकट अलगद काढायची.

मोगरा आणि अनंत यांच्यासाठी माझा भरवसा गुटी कलमावर. आपल्या जिल्ह्यात कलम म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगायला नको. डोग्रिज या रानटी द्राक्षाच्या खुंटावर द्राक्षाचं पाचर कलम करणारे हात इथे गावोगावी आहेत. गुटीत तर दुसरा खुंटही लागत नाही. फांदीवरची इंचभर रुंद साल गोल काढायची, खालचा बुळबुळीत थर खरवडायचा, भिजवून पिळलेलं शेवाळ (मॉस) त्यावर बांधायचं आणि वरून प्लॅस्टिक गुंडाळून दोन्ही टोकं सुतळीने आवळायची. पाणी आतल्या लाकडातून वर चढतच राहतं, म्हणून फांदी सुकत नाही. पानांनी केलेलं अन्न सालीतून खाली येतं, ते या कापाशी अडतं आणि तिथेच मुळं फुटतात. महिना-दोन महिने लागतात. म्हणजे बंगला पडणार हे कळल्याबरोबर मालकांना जाऊन भेटायला हवं, जेसीबी आल्यावर उपयोग नाही.

झुडूप मुळासकट हलवायचंच असेल, तर पावसाने माती मुरल्यावर हलवा. आदल्या दिवशी भरपूर पाणी, फांद्यांची निम्मी छाटणी, मातीचा गड्डा न फुटता गोणपाटात बांधलेला. नव्या जागी पंधरा दिवस सावली. खत लगेच नको. मोठ्या वृक्षाला मात्र आपण होऊन हात लावू नये. 1975 च्या वृक्ष कायद्याने शहरातलं झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, अगदी स्वतःच्या अंगणातलं असलं तरी.

सोसायट्यांबद्दलही बोलायला हवं. बागेचा ठेकेदार बदलला की जुना ड्युरांटा, इक्झोरा, क्रोटन, स्पायडर लिली उपटून घंटागाडीत जातात आणि त्याच जागी नव्या रोपांच्या पिशव्या रिकाम्या होतात. लिलीचा एक गड्डा फोडला तर त्यातून अनेक रोपं निघतात. सभेत एवढंच मांडा की उपटलेलं दोन दिवस सावलीत, ओल्या पोत्याखाली ठेवा, ज्याला हवं तो नेईल. मी हे आमच्याकडे मांडलं तेव्हा वाटलं नव्हतं, पण पहिल्याच संध्याकाळी निम्मा ढीग उचलला गेला.

आणलेलं रोप लगेच आपल्या कुंड्यांत मिसळू नका. जास्वंदीच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण, म्हणजे पांढरी कापसासारखी दिसणारी कीड, दडलेला असतो. दोन-तीन आठवडे वेगळं ठेवून पानांची मागची बाजू तपासा.

आणि सगळंच वाचवायचं नसतं, हे मला उशिरा पटलं. जमिनीवर पसरणारी पिवळ्या फुलांची वेडेलिया बागेतून काढली तर नाल्याकाठी टाकू नका, पेराएवढ्या तुकड्यातूनही ती फुटते. घाणेरी एके काळी शोभेसाठीच आणली होती. गोदावरीत दरवर्षी जिच्याशी झुंजावं लागतं ती जलपर्णीही फुलांच्या मोहाने जगभर नेली गेली. अशी झाडं उन्हात पूर्ण वाळवून मगच टाकावीत.

या नाशिकला एके काळी गुलशनाबाद म्हणत. त्यातल्या किती बागा आता पार्किंगखाली गेल्या, ते आपण रोज बघतो. पंचवटीत एक जुनं घर दिवाळीनंतर पाडणार आहेत. त्यांच्या अंगणातही अनंत आहे. मालकीणबाईंना विचारून मी त्यावर पाच गुट्या बांधल्यात. काल सकाळी दोन गुट्यांच्या प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसली.