वाढत्या अंगाचं नको

नमस्कार श्रोतेहो.

जून जवळ आला की कापडाच्या दुकानात एक वाक्य हमखास कानावर येतं, "जरा वाढत्या अंगाचा दाखवा." बाही बोटांवर येते, चड्डी करगोट्यात खोचावी लागते, पण गणवेश दोन वर्षं निघतो. आपण सगळे तसेच वाढलो. आणि त्याच हिशेबानं आमच्या घरात पहिला वेडर आला.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. गमबुटाला वर रबरी विजार जोडायची, ती छातीपर्यंत न्यायची आणि खांद्याला पट्टे लावायचे, की झाला वेडर. मासे धरणाऱ्यानं तो घालून पाण्यात उतरायचं आणि आत कोरडं राहायचं. आमचे गडी त्याला 'बुटाची पँट' म्हणतात. मला तोच शब्द जास्त पटतो.

आमचं गाव तासगाव तालुक्यात. द्राक्षबाग आहे, बागेसाठी शेततळं आहे, 500 मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरलेलं. पाणी आहेच तर मासे का नकोत, म्हणून रोहू, कटला आणि मृगळ यांची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडतो. उन्हाळ्यात बागेला पाणी देत देत तळं कमरेखाली आलं की ओढजाळ लावायचं. आता गंमत बघा, कटला राहतो वरच्या थरात, रोहू मधल्या, आणि मृगळ अगदी तळाला. जाळ्याच्या खालच्या कडेची, शिशाचं वजन लावलेली दोरी वीतभर उचलली गेली की मृगळ खालून पसार. म्हणून ती दोरी पायानं दाबत कुणीतरी तळावरून चालावं लागतं. आमच्या घरी ते काम माझ्याकडं. माझं वजन उपयोगी पडतं, असं घरचे म्हणतात.

वेडर मागवला थोरल्यानं, मोबाईलवरून. माप डबल एक्सेल, बूट 9 नंबर. माझं पाऊल 5 नंबरचं. "मोठा असला की सगळ्यांना होईल," हे त्याचं म्हणणं. झाला खरा सगळ्यांना, पण नीट बसला कुणालाच नाही.

पहिल्याच दिवशी मधोमध गेले. कागदावर गाळ साचलेला, त्यावर शेवाळ. उजवा पाय उचलला तर बूट गाळातच राहिला आणि पाऊल बुटातून निघून वर पोटरीच्या नळीत आलं. दुमडलेल्या नळीवर टाच टेकली आणि मी मटकन बसले. छातीवरून पाणी आत. ओरडले की नाही आठवत नाही, पण जाळ्याची दोरी मात्र सोडली नाही.

लोक म्हणतात, वेडरमध्ये पाणी शिरलं की तो माणसाला तळाशी ओढतो. तसं नाही. विहिरीतून पाणी शेंदताना बघा, भरलेला पोहरा पाण्यात आहे तोवर हाताला हलका लागतो. तो पाण्याबाहेर निघाला की मग दोर तळहाताला काचतो. वेडरचं तेच आहे. आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी एकाच वजनाचं, त्यामुळं बुडवत ते नाही. पण पाय जड पडतात, आणि काठ चढायला लागलं की प्रत्येक पायात एकेक भरलेला पोहरा. शेततळ्याच्या गुळगुळीत उतारावर ते जमत नाही. मला दोघांनी जाळ्यासकट वर ओढलं. तेव्हापासून आमच्या तळ्याच्या चारी बाजूंना गाठी मारलेले दोर सोडलेले आहेत. तुमच्या तळ्याला नसतील तर वेडरच्या आधी ते बांधा.

असो, मापाचं सांगायचं होतं. उंची आणि वजन सांगून वेडर मागवू नका. तीन गोष्टी लागतात. पाऊल, आतली लांबी आणि घेर. पाऊल मोजायचं संध्याकाळी, कारण दिवसभर उभं राहून ते थोडं फुगलेलं असतं. कागदावर उभं राहून टाच आणि अंगठा यांच्या खुणा करा. माझं भरलं 24 सेंटिमीटर, म्हणजे आपला 5 नंबर, युरोपचा 38. इथं फार लोक फसतात. आपल्या बुटांचे नंबर इंग्लंडच्या पद्धतीचे, अमेरिकेचा पुरुषांचा नंबर एकानं जास्त असतो. आपला 8 म्हणजे त्यांचा 9 आणि युरोपचा 42. तळव्यावर नुसता 9 छापलेला दिसला तर कुठला 9 ते विचारा. जाड मोजे घालणार असाल तर एक नंबर वरचा चालतो. दोन नंबर वरचा घेतला की माझ्यासारखं गाळात बसायची तयारी ठेवा.

आतली लांबी म्हणजे जांघेपासून जमिनीपर्यंत. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, जाड वहीची कड मांड्यांमध्ये वरपर्यंत घट्ट धरायची आणि तिथून खाली टेप सोडायचा. आणि घेर घ्यायचा तो अंगाच्या सगळ्यात रुंद जागी, आत जे घालणार ते घालून. आम्ही बायका शेतात साडीवर नवऱ्याचा शर्ट चढवतो, पण वेडरमध्ये साडी कोंबता येत नाही. ट्रॅक पँट घाला, सासूबाई काय म्हणायचं ते म्हणोत.

आता शिंपी ज्याला आसन म्हणतो ते, दोन पाय जुळतात ती जागा. सगळा खेळ तिथं आहे. माझे मोठे दीर हरिपूरला, जिथं वारणा कृष्णेला मिळते तिथं, गळ टाकून बसतात. उंच, काटकुळे. त्यांनी बुटाच्या नंबरावर वेडर घेतला, बूट छान बसला आणि विजार आखूड पडली. काठावरच्या दगडावर एक पाय ठेवला आणि आसनाची शिवण टर्रकन गेली. उलट आसन गुडघ्याकडं लोंबत असेल तर पाय उचलताना मांड्या एकमेकींना बांधल्यासारख्या होतात, आणि घोट्याशी चुण्या पडून घासतात. गळती बहुतेक तिथंच, चुणीवर सुरू होते.

म्हणून वेडर आला की लेबल काढू नका. मोजे घाला, पट्टे लावा आणि घरातच उकिडवं बसा, भाकरी थापायला बसतो तसं. मग एक पाय खुर्चीवर ठेवून बघा. गुडघा अडला किंवा खांद्याचे पट्टे मानेला ओढले तर परत पाठवा. चालताना टाच बुटात वरखाली होत असेल तरी परत. बसून उठताना जरा सैल वाटलं तर घाबरू नका, पाण्यात उतरलं की पाणी बाहेरून दाबतं आणि कापड पायाला चिकटतं. घरातच घट्ट असेल तो पाण्यात गुडघा वाकवू देणार नाही. लांबी बोटभर जास्त असली तर पट्टे आवळून निभावतं. आसनात घट्ट असेल तर त्याला इलाज नाही.

आणि कमरेला पट्टा. वेडरच्या वरून, दोन बोटं जातील इतका आवळून. पडलात तर पाणी तिथं बरंचसं अडतं. वेडर छातीपर्यंत आहे म्हणून छातीइतक्या पाण्यात जायचं नाही, कंबर ही हद्द. नदीत तर आणखी अलीकडं, कारण प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की पायावरचा रेटा चौपट होतो, आणि फडफडणारा सैल वेडर तो रेटा जास्तच घेतो. पुरात वेडर घालून उतरणाऱ्याबद्दल मी बोलणारच नाही. 2019 साली आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलेलं सांगलीनं पाहिलंय.

तळव्याचं एक. खडकाळ नदीत खिळे असलेला तळवा पकड घेतो, पण तो शेततळ्यात कधीही नको. एक खिळा आणि कागदाला भोक, मग पाणी कुठं जातंय ते शोधत बसा. मोरचूद फवारताना घातलेले बूटही तळ्यात नकोत, त्यातलं तांबं माशांना विष आहे. निओप्रीनचा, म्हणजे फोमसारख्या रबराचा जाड वेडर थंड पाण्यासाठी असतो. तो एप्रिलात तासगावात घालणं म्हणजे मोदकपात्रात बसणं. साध्या नायलॉन-पीव्हीसीमध्येही घाम येतोच. आतून ओलं दिसलं म्हणून लगेच गळतोय म्हणू नका. अंधाऱ्या खोलीत आत बॅटरी लावून बाहेरून बघा, भोक असेल तर उजेड दिसतो.

वापर झाला की धुवायचा, उलटा टांगायचा, सावलीत. रबर उन्हात तडकतं. आमच्या पॅकिंग शेडमध्ये आता दोन टांगलेत, एक 38 चा माझा आणि एक 42 चा थोरल्याचा. तो 9 नंबरवाला डबल एक्सेल पेंढा भरून ज्वारीत उभा केलाय. बुजगावण्याला मात्र तो चांगला बसला.

नमस्कार.